तळवलीचा दगड आणि एक उपडं अक्षर

सोलापुरात कुणालाही सांगितलं की मी हिवाळ्याच्या सुट्टीत पाच दिवस नवी मुंबईला जाऊन आले, तर समोरचा माणूस थोडा थांबतो आणि विचारतो, "तिथं बघायला काय आहे?" मी म्हणते, एक दगड. मग तो विषय बदलतो. ज्यांनी विषय बदलला नाही अशा चारदोन मैत्रिणींसाठी हे लिहून ठेवते आहे.

मी कॉलेजात इतिहास शिकवते आणि उरलेल्या वेळात जुन्या लिप्या वाचते. ब्राह्मी, नागरी, हळेकन्नड ही माझी रोजची भाकरी. पण पुण्यात शिकत असताना आमच्या सरांनी मला एक वेगळाच नाद लावून दिला होता. अरबस्तानाच्या दक्षिण टोकाला इस्लामच्या कितीतरी आधी ज्या भाषा होत्या, त्यांचा नाद. त्यातली साबा राज्याची भाषा बऱ्यापैकी माहीत आहे, कारण तिचे लेख पुष्कळ सापडलेत. शेजारच्या हद्रमौतची आणि आणखी दोघींची मात्र तुटक तुटक ओळख आहे. कुठं अर्धा दगड, कुठं दोन ओळी. लिपी चौघींची एकच, त्यामुळं मोडका लेख सापडला की आधी प्रश्न पडतो, ही बोलतेय कोण?

त्या सुट्टीच्या काही महिने आधी मला एक जाडजूड पाकीट आलं. पाठवणारे बाळाराम म्हात्रे, राहणार तळवली, घणसोलीजवळ. रबाळ्याच्या एका कारखान्यात फिटर. रेडिओवर माझं शिलालेखांवरचं भाषण त्यांनी ऐकलं होतं. पत्रात लिहिलं होतं, "आमच्या घराच्या ओट्याला एक दगड आहे, त्यावर अक्षरं आहेत. देवळातल्या भटजींना येत नाहीत, मशिदीतल्या मौलवींना येत नाहीत, शाळेतल्या मास्तरांना येत नाहीत." सोबत दगडावर कागद ठेवून मेणखडूनं घासून काढलेली आकृती आणि कोपऱ्यात बाण काढून लिहिलेलं 'वर'.

कागद उघडला आणि मी खुर्चीत ताठ बसले. ती दक्षिण अरबस्तानाची लिपी होती. फक्त पाच खुणा, पण त्यातली शेवटची दोन अक्षरं साबाच्या एका नेहमीच्या शब्दाची सुरुवात होती, 'अर्पण केलं' या अर्थाच्या. मी सरांना कळवलं. सर निवृत्त झाले होते आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या लेखांचा एक संग्रह निघत होता. त्यांनी माझा लेख त्यात पहिला घेतला आणि प्रस्तावनेत स्वतः दोन ओळी लिहिल्या की माझ्या विद्यार्थिनीनं कोकणच्या किनाऱ्यावर साबाची भाषा ओळखली. मुद्रितं तपासून झाली. फक्त दगडाचा नीट ठसा आणि फोटो हवा होता. तेवढ्यासाठी मी निघाले.

तळवली

वाशी फाट्याला उतरले तेव्हा बाळारामभाऊ रिक्षा घेऊन उभे होते. पन्नाशीला टेकलेले, अंगानं शिडशिडीत, कारखान्याच्या निळ्या शर्टात.

"मॅडम, बॅग इकडं द्या. टेन्शन नका घेऊ, आमी हाफ डे टाकलाय."

ठाणे-बेलापूर रस्त्यावर उजव्या हाताला कारखान्यांच्या भिंती आणि मागं डोंगर, डाव्या हाताला अर्ध्या बांधलेल्या इमारती आणि त्यांच्या पलीकडं कुठंतरी खाडी. आमच्याकडं हवेला वास नसतो, असला तर मातीचा. इथं पाच मिनिटांत तीन वास लागले. आधी औषधासारखा, मग ओल्या सिमेंटचा, आणि गावात वळलो तसा चिखलाचा आणि सुकत घातलेल्या मासळीचा.

तळवली गाव म्हणजे अरुंद गल्ल्या आणि दोन्ही बाजूंना एकमेकांना खेटून वर चढत गेलेली घरं. कौलं थोडी, स्लॅब जास्त. बाळारामभाऊंच्या घराला नवा मजला चढला होता, पण दारापुढचा ओटा जुनाच होता. त्यावर त्यांची आई बसली होती, जनाबाई. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, समोर पाण्याचं पातेलं.

"ये गो बाय. दमलीस काय? सोलापूर जाम लांब ना?"

मी वाकून नमस्कार करायला गेले आणि त्या पातेल्यातून काहीतरी टुणकन उडून माझ्या पायावर पडलं. मी किंचाळले. वीतभर लांबीचा, डोळे डोक्यावर आलेला एक मासा फरशीवर उड्या मारत होता. जनाबाई हसून हसून मागं कलंडल्या.

"निवटी हाय ती. काय नाय करत. जेवाला तूच तिला खाशील."

आणि खाल्ली. मी मटण खाणारी, मासळी फारशी न कळणारी बाई. आमच्याकडं कडक भाकरी मोडून आमटीत घालायची सवय. इथं तांदळाची भाकरी, इतकी मऊ की हातात घडी होते, आणि चिंच-लसणाचं लाल कालवण. पहिल्या घासाला मी डोळे मिटले होते. तिसऱ्या घासाला दुसरी वाटी मागितली. जनाबाईंनी वाढता वाढता विचारलं, "तुमचेकरं पानी नाय म्हनतान, मंग मासं कुठशी आनता?" मी म्हटलं, आणतच नाही. त्यांना माझी खरोखर दया आली असावी, कारण पुढचे चार दिवस एकाही जेवणाला मासळी चुकली नाही.

ओट्यातला दगड

दगड ओट्याच्या समोरच्या अंगाला उभा बसवलेला होता, दरवाज्याच्या उजव्या हाताला. हातभर उंच, वीतभर रुंद, डावी-उजवी दोन्ही बाजू तुटलेल्या. खालचा भाग ओट्याच्या सिमेंटात गाडलेला. गावातले बाकी सगळे दगड काळे. हा पिवळसर, साबणाच्या जुन्या वडीसारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठसा घेतला. ओला कागद दगडावर चिकटवायचा, ब्रशनं ठोकून ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवायचा, आणि वाळत आला की वरून शाई टिपायची. खाचा पांढऱ्या राहतात, बाकी सगळं काळं होतं. गल्लीतल्या बायका, शाळेत निघालेली मुलं, कारखान्याच्या पाळीला निघालेले दोघंतिघं, सगळे गोळा झाले. कागद सोलून काढला तेव्हा जनाबाई म्हणाल्या, "आय शप्पत, दगडाचा फोटू!"

बाळारामभाऊंनी अक्षरं समजावून सांगायला सांगितली. ही लिपी उजवीकडून डावीकडं जाते. पहिला गोल. मग फुली. मग एक उभी रेघ, ती अक्षर नाही, दोन शब्दांमधली भिंत. मग दांडीवर ठेवलेल्या पेल्यासारखं एक अक्षर, आणि शेवटी मधून आरपार काठी गेलेला गोल. त्यानंतर दगड तुटला.

"यो पेला म्हंजे काय?"

"तो ह. साबाच्या भाषेत शब्दाच्या तोंडाला असा ह लागला की कुणीतरी काहीतरी केलं, करवलं, असं समजायचं. पुढचं अक्षर बघता हा शब्द 'अर्पण केलं' असणार. शेजारच्या राज्यांच्या भाषेत त्याच जागी स येतो."

"म्हणजे ह वरून कळलं, मानूस कुठला ते?"

"हो."

ते हसले. "कंपनीत पन तसंच हाय. पानी म्हनला की आमचा, पाणी म्हनला की घाटावरचा."

मग त्यांनी मनातलं सांगितलं. दोन हजार वर्षांपूर्वी तळवलीला अरबांची जहाजं लागत होती, असं आता छापून येणार. गाव काय आजचं नाही. "नवी मुंबई, नवी मुंबई करतात, मॅडम. जसं काय आमच्या आधी इथं कोन नव्हताच." कारखान्यात त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. गावच्या शाळेत तो लेख मोठा करून लावायचं ठरलं होतं.

खाडीच्या अंगाला

दगड मुळात कुठला, हे लिहिणं भाग होतं. संध्याकाळी जनाबाई स्वतः दाखवायला निघाल्या, काठी न घेता, माझ्यापेक्षा भरभर.

गाव संपलं की एक रुंद, मोकळा, डांबरी रस्ता लागला. दोन्ही बाजूंना दिव्यांचे खांब, फूटपाथ, आणि घर एकही नाही. नुसते आखलेले चौकोन आणि त्यात वाढलेलं गवत. एका चौकोनापाशी जनाबाई थांबल्या.

"हिथं आमचा शेत व्हता. खारा भात पिकाचा, लाल. तिकरं बांध, न बांधाला उघाडी."

उघाडी म्हणजे बांधातलं दार. भरतीचं खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही आणि पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, यासाठीची फळी. ती फळी ज्याच्यावर टेकायची तो उंबऱ्याचा दगड म्हणजे हा. जमीन शहरासाठी गेली तेव्हा बाळारामभाऊंच्या वडलांनी शेवटच्या दिवशी बांध फोडून तो एकट्यानं उपटला, खांद्यावर घातला आणि घरी आणला.

"सगल्यांनी विचारला, काय करतंस त्याचा? बोलले, शेतातला कायतरी नको घरात? मंग वटा बांधला, न सोताचे हातानी त्यात लावला. दोन वरसांनी गेले."

त्या हे अगदी साध्या सुरात सांगत होत्या. मी खाडीकडं बघत उभी राहिले. कांदळवनाच्या मागं पाणी ओसरत होतं. फोटो काढायला म्हणून बांधाच्या उरलेल्या तुकड्यावरून दोन पावलं खाली उतरले आणि घोट्यापर्यंत चिखलात गेले. पाय निघाला, चप्पल राहिली. जनाबाईंनी कोपरापर्यंत हात घालून ती काढली, गवताला पुसली आणि माझ्यापुढं ठेवली. "हिथं पाय ठेवाचा आसल तर आधी विचाराचा," एवढंच म्हणाल्या.

एपीएमसी, वाशी

तिसऱ्या दिवशी बाळारामभाऊ मला वाशीच्या घाऊक बाजारात घेऊन गेले. त्यांच्या ओळखीचे एक खजुराचे व्यापारी होते, हसनचाचा. मुरुडच्या बाजूचे कोकणी मुसलमान, सत्तरीचे, दाढी मेंदीनं रंगवलेली. तरुणपणी त्यांनी शिडाच्या जहाजावर चार हंगाम अरबस्तानाच्या किनाऱ्याला काढले होते. हद्रमौतचं मुकल्ला बंदर मी फक्त नकाशात पाहिलं होतं. तिथं प्रत्यक्ष राहून आलेल्या माणसाशी बोलायला मिळणार म्हणून मी ठसा गुंडाळून बरोबर घेतला.

तो बाजार म्हणजे गावाएवढा एकेक चौक. मिरच्यांच्या चौकातून जाताना मी इतकी शिंकले की एका हमालानं पाठीवरची गोणी सावरत "बाई, तोंडावर पदर घ्या" म्हणून सल्ला दिला. हसनचाचांच्या गाळ्यात मात्र गोड, थंड वास होता. त्यांनी आधी चहा मागवला, मग तीन जातींचे खजूर पुढं केले आणि खाल्ल्याशिवाय बोलायला नकार दिला.

"मुकल्ला? अहो, पांढरं शुभ्र गाव. पाठीला डोंगर, पुढं दर्या. आमी इथून तांदूळ, कौलं न्यायचो, तिथून खजूर, सुकी मच्छी. माल कमी पडला तर जहाज डोलतं ना, मग पोटात दगड भरायचे. त्याला नीरम बोलतात. इकडं आलं की खाडीत टाकून द्यायचे नाहीतर कोन पायाला घेऊन जायचा."

माझा घास थांबला. "कसले दगड?"

"मिळतील ते. पडकी भिंत असेल, जुनं कबरस्तान असेल. पिवळे असायचे तिकडचे, नरम."

मी बाळारामभाऊंकडं पाहिलं नाही. दगड दोन हजार वर्षांचा असेल, पण तळवलीला तो शंभर वर्षांपूर्वीसुद्धा आलेला असू शकत होता, भरताड म्हणून. हा विचार अजून पुरता बसला नव्हता, तेवढ्यात हसनचाचा म्हणाले, "दाखवा तर तुमचा कागद."

मी गुंडाळी दिली. त्यांनी चश्मा लावला, खजुराच्या खोक्यावर ठसा पसरला आणि वाकून बघू लागले. त्यांनी तो उलटा, वरची बाजू खाली करून धरला होता. सांगायला मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

काहीही चुकीचं दिसत नव्हतं.

गोल उलटा केला तरी गोलच. फुली फुलीच. उभी रेघ उभीच. आरपार काठी गेलेला गोल जसाच्या तसा. बदललं फक्त एक अक्षर. पेला उपडा झाला होता. आणि त्या लिपीत दांडीखाली उपडा पेला हे वेगळं अक्षर आहे. तो स.

उजवीकडून वाचलं तर आता आधी काठीचा गोल येत होता, मग स, मग भिंत. म्हणजे हा स शब्दाच्या तोंडाला नव्हता, शेवटाला होता. साबाची भाषा सोडून उरलेल्या तिघींत शब्दाच्या शेवटी असा स लागला तर त्याचा अर्थ होतो, 'त्याचं'.

"छान आहे," हसनचाचा ठसा गुंडाळत म्हणाले. "मला काय कळत नाय. पन हात साफ होता त्याचा."

दुपारी, पुन्हा ओट्याशी

घरी आल्यावर दगडापुढं फतकल मारून बसले. मेणखडूच्या कागदावरचा तो 'वर' लिहिलेला बाण मी इतके महिने प्रमाण मानला होता. बाळारामभाऊंची त्यात काहीच चूक नव्हती. दगड ओट्यात जसा होता तसा त्यांनी काढला. आणि तो ओट्यात बसवणाऱ्याला ती लिपी असल्याचं ठाऊकसुद्धा नव्हतं. दगड सुलटा बसलाय का, हा प्रश्न मी विचारायला हवा होता, आणि माझ्यासमोर ओळखीचा शब्द आल्यावर मी तो विचारला नाही.

मी दोघांना सगळं सांगितलं. दगड नीरम म्हणून आलेला असू शकतो, हेही.

बाळारामभाऊ बराच वेळ नखानं सिमेंट खरवडत राहिले. "म्हणजे जहाजं आली नसतील?"

"आली असतील. पण या दगडावरून तसं म्हणता येणार नाही."

"आणि ह का स, ते कसं कळनार?"

"खालचा भाग गाडलेला आहे. तिथं एखादं अक्षर असेल, ज्याला डोकं आणि पाय वेगळे असतील, तर कळेल. नसेल तर नाही कळणार."

"म्हंजे ओटा फोडायचा."

ते माझ्याकडं न बघता म्हणाले. मी लगेच म्हटलं, नको. खरंच नको होतं. तो ओटा त्यांच्या वडलांनी स्वतःच्या हातांनी बांधला होता. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनाचा दुसरा कोपराही तेच म्हणत होता. गाडलेलं गाडलेलंच राहू दे. लेख जसा आहे तसा छापून येईल, सर खूश होतील, बाळारामभाऊ शाळेत लावतील. दगड भिंतीत आहे, बघायला कोण येतंय?

जनाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"तुजा चुकला का बरोबर हाय, ता त्या दगडाखाली हाय?"

"हो, मावशी."

"न ता बगल्याबिगर तुना झोप येल?"

मी दगडाच्या सिमेंटात गेलेल्या कडेवर बोट फिरवलं.

"मंग काढ. वटा परत बांधता येतो. बाळाराम, उद्या रामाला बोलव. पन नारल फोडून हात लावाचा, सांगतंय."

"आय, बाबांनी लावलेला..."

"बाबांनी शेतातशी काढला तवा मोडला काय? ता मना नको शिकवू."

ओटा

रामा गवंडी सकाळी आला. नारळ फुटला, खोबऱ्याचे तुकडे गल्लीभर वाटले गेले. छिन्नीचा पहिला घाव पडला तेव्हा बाळारामभाऊ आत निघून गेले. जनाबाई मात्र तिथंच बसून राहिल्या आणि रामाला, "सावकाश रं," असं दर घावाला सांगत राहिल्या. तासाभरात दगड सुटला. चौघांनी तो अलगद आडवा केला. मी ओल्या फडक्यानं आणि बांबूच्या काडीनं खालच्या भागातलं सिमेंट कणाकणानं सोडवत बसले. इतकी हळू की बघायला आलेली मंडळी कंटाळून निघून गेली.

दुपारी दोनच्या सुमारास एक खाच लागली. मग दुसरी, पहिलीला समांतर. मग दोघींना जोडणारी तिसरी. वरच्या ओळीसारखीच दुसरी एक ओळ तिथं होती, पण तिच्यातलं एकच अक्षर शाबूत होतं.

ते अक्षर ब होतं. त्या लिपीतला ब म्हणजे दाराची चौकट. दोन पाय खाली, आडवी पट्टी वर. दुसऱ्या कुठल्याही अक्षराशी त्याची गल्लत होत नाही. आणि दगड ओट्यात होता तसा धरला तर ही चौकट डोक्यावर उभी होती, पाय आभाळाकडं करून.

दगड उलटा बसलेला होता. ह नव्हता. स होता.

मला वाईट वाटलं की बरं वाटलं, हे त्या क्षणी सांगता आलं नसतं. बाळारामभाऊ आतून आले, माझ्या चेहऱ्याकडं बघून त्यांना कळलं. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि म्हणाले, "घ्या मॅडम. ऊन लागलंय तुमाला."

संध्याकाळी गावाच्या तोंडाशी असलेल्या एसटीडी बूथवरून मी सरांना फोन लावला. काचेच्या खोक्यात घाम फुटला होता. सगळं ऐकून घेतल्यावर सर म्हणाले, "फर्मे छपाईला गेलेत."

"सर, थांबवावे लागतील."

"मग ती कुठली भाषा म्हणतेस?"

"साबाची नाही, एवढं नक्की. उरलेल्या तिघींतली कुठलीही असू शकते. हद्रमौत समुद्राला लागून, म्हणून तिची शक्यता जास्त वाटते. पण एका स वरून ते सांगता येत नाही."

"म्हणजे होतं ते खोडायचं आणि त्या जागी काहीच लिहायचं नाही."

"हो, सर."

"तो दगड ओट्यात होता, कोण बघणार होतं?" ते म्हणाले. त्यांचा आवाज रागावलेला नव्हता, थकलेला होता. "सर, मी बघितला," मी म्हटलं. त्यांनी "बरं" म्हणून फोन ठेवला.

निघण्याचा दिवस

पाचव्या दिवशी सकाळी रामा परत आला. आता दगड कसा बसवायचा, हा प्रश्न होता. बाळारामभाऊंना वाटत होतं, बाबांनी लावला तसाच लावावा. मीही तेच म्हटलं, मी टिपण आणि फोटो घेतले होते. पण जनाबाई ओट्यापुढं कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"लिवनाऱ्यानी कसा उभा केलता?"

मी दाखवलं.

"मंग तसाच लावा. आमचे मानसाला म्हाईत नव्हता. म्हाईत आस्ता तर त्यानी उलटा लावला नस्ता." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "न आता काय लिवलाय, ता तरी सांग."

मी त्यांचं बोट धरून त्या उपड्या पेल्यावर ठेवलं. "हे अक्षर म्हणजे 'त्याचं'."

"त्याचा काय?"

"ते या बाजूला होतं. तुटलं."

"न तो कोन?"

"ते पण तुटलं, मावशी."

त्या बोट तिथंच ठेवून उभ्या राहिल्या. रस्त्यापलीकडून सिमेंटचा मिक्सर घरघरत होता. "व्हता कायतरी त्याचा," त्या शेवटी म्हणाल्या. "येवरा तरी ऱ्हायला." आणि रामाला ओरडल्या, "हलू नको देव रं, सरल धर!"

निघताना त्यांनी मला सुक्या बोंबलांची पुडी बांधून दिली. सोलापूरपर्यंत माझ्या बसमधल्या लोकांनी ती सोसली. बाळारामभाऊ फाट्यापर्यंत आले. बस आल्यावर ते म्हणाले, "शाळेत लावायचं म्हनलो होतो ना मी. तुमी काय लिहाल ते पाठवा. लावू."

नंतर

संग्रह उशिरा निघाला. माझा लेख त्यात पहिला नव्हता, शेवटून दुसरा होता, आणि लेख कसला, दीड पानाचं टिपण. साबाची भाषा नव्हे. बाकी तिघींपैकी कोणती, ठरवता येत नाही. हद्रमौतची असण्याची शक्यता आहे. दगड किनाऱ्यावर केव्हा आला, माहीत नाही. तो उघाडीच्या बांधातून ज्यांनी काढला, त्यांचं नाव मात्र पुरतं लिहिलं, बाळारामभाऊंच्या वडलांचं. सरांनी प्रस्तावनेतल्या त्या दोन ओळी काढल्या. त्यांच्या जागी काही घातलं नाही. पुढं वर्षभर त्यांचं पत्र आलं नाही, आणि मग एका साध्या पोस्टकार्डानं आलं, एका दुसऱ्याच ताम्रपटाबद्दल माझं मत विचारणारं. मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं.

टिपणाची प्रत तळवलीला पाठवली होती. महिन्याभरानं बाळारामभाऊंचं पत्र आलं. शाळेत लावलं आहे, लिहिलं होतं. मास्तरांनी मुलांना वाचून दाखवलं, मुलांना फार काही कळलं नाही. घरी त्यांनी ते आईला वाचून दाखवलं, सगळं, पहिल्या ओळीपासून. नवऱ्याचं नाव आलं तिथं तिनं पुन्हा वाचायला लावलं. शेवटाला आल्यावर ती म्हणाली, "जिथं ठाव नाय, तिथं ठाव नाय आसाच लिवलाय ना तिनी?"

बाळारामभाऊ हो म्हणाले.

"मंग बरा," जनाबाई म्हणाल्या, आणि भाकरी थापायला उठल्या.